हळदीच्या पुढचा रंग

लोखंड तापवलं की फुगतं, गार केलं की आकसतं. डिप्लोमाच्या पेपरात हे मी सूत्रासकट लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. माझ्या सासऱ्यांनी ते कधी लिहिलं नाही, त्यांनी त्याच्यावर संसार केला. मालवणच्या बंदरापासून चालत पाच मिनिटांवर आमचं वर्कशॉप आहे. म्हाताऱ्यानं एकदा बसवलेली वस्तू काढायची तर कापूनच काढावी लागते, असं बोटवाले एकमेकांना सांगायचे. ते नाव त्यांनी हातानं कमावलं आणि मी घालवलं. चूक काय, कुणाकडूनही होते. मी गप्प बसले, ते मला अजून बोचतं.

माझं माहेर खारेपाटणचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि नवरा गोव्याला कंपनीत, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. घरात मी आणि सासरे. त्यांना मी बाबाच म्हणते. घरकाम मला आवडत नाही, आणि न आवडणारं काम तोंड बंद ठेवून करायचा माझा स्वभाव नाही. महिन्याभरातच मी पदर खोचून वर्कशॉपमध्ये शिरले. बाबांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "बांगड्यो काढून ठेव गो, लेथीत अडाकतीत."

एवढंच. बाईमाणसानं हे करावं का, लोक काय म्हणतील, यातलं काही नाही. मी भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते, ती सगळी वाया गेली.

पहिल्याच आठवड्यात एका बोटीचा पितळी बुश बसवायचा होता. पंख्याचा दांडा ज्यात फिरतो, तो. मी मापं घेतली. बुश जागेपेक्षा केसभर मोठा. मी म्हटलं, बाबा, हा जाणार नाही, थोडा घासते. ते हसले आणि मला बंदरावर पाठवलं बर्फ आणायला. मासळीचा बर्फ थर्माकोलच्या खोक्यात फोडून त्यात खडेमीठ कालवलं आणि बुश त्यात पुरून ठेवला. दोनेक तासांनी इकडे बाहेरची नळी उकळत्या तेलात तापवून काढली, तिकडे बुश बर्फातून काढून पुसला, आणि त्यांनी तो नुसत्या बोटांनी आत ढकलला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी हात लावेपर्यंत दोघे एकजीव झाले होते. हातोडीनं ठोकून पाहिलं, ढिम्म हलला नाही. बुशाला तेवढा ताज्या सुरमईचा वास येत होता.

पुस्तकातलं खरं निघालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. हे मला माहीत होतं आणि तरी मी कानस शोधत होते.

बाबांचा एक नियम होता. तापलेली वस्तू बसेपर्यंत कुणी बोलायचं नाही. वस्तू आगीवर आहे तोवर तोंड बंद, डोळे उघडे. गिऱ्हाईक दारात आलं तरी हाक मारायची नाही, फोन वाजला तर वाजू द्यायचा. कारण गरम रिंग थंड चाकावर बसवायला हातात जेमतेम दहा आकडे मोजायला लागतात तेवढा वेळ असतो. तेवढ्यात कुणी "ओ काका" म्हटलं आणि हात तिरका झाला की रिंग अर्ध्यावर आवळते. मग ना वर येते ना खाली जाते. बंदरावरच्या लोकांनाही ते ठाऊक होतं. दारात येऊन ते आधी आत डोकावायचे, आणि आम्ही गप्प दिसलो की बाहेर कट्ट्यावर बसून राहायचे.

ही रिंग म्हणजे इंजिनच्या चाकाभोवतीचं दातेरी कडं. स्टार्टर फिरला की त्याचे दात या कड्याच्या दातांत अडकतात आणि इंजिन चालू होतं. कडं तापवून चाकावर चढवायचं, गार झालं की आपोआप आवळतं. पण तापवायचं किती, यातच सगळी मेख. कडं एका जागी घासून चकचकीत करायचं आणि त्या जागेवर डोळा ठेवायचा. लोखंडावर आधी फिकट पिवळा रंग येतो. बाबा त्याला हळद म्हणायचे. मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. "हळद दिसली की उचलायचा. निळा झाला की कडा मेला," असं त्यांचं म्हणणं. निळं झालं की दातांना दिलेलं पाणी उतरतं आणि ते मऊ पडतात. बघून काही कळत नाही, बसतंही छान, पण महिनाभरात झिजून जातात.

बाबा कडं करवंट्यांच्या कोळशावर तापवायचे. विटांचं रिंगण करून त्यात कोळसे पसरायचे, वरून राख भुरभुरवायची, की सगळीकडून सारखी धग लागते. पाऊण तास जायचा. मला तो वेळ सोसायचा नाही. शिवाय तोवर बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन ते पुढे ढकलत होते, कधी सीझन म्हणून, कधी पाऊस म्हणून. मापं ते बोटांनी घेत, लेथ आवाजावर चालवत. एक रंग तेवढा त्यांना दिसत नव्हता. तो ते मला विचारायचे. "रंग कसो आसा गो?" मी सांगायचे, आणि ते उचलायचे. माझे डोळे आणि त्यांचा हात असं आमचं दोन वर्षं चाललं. मोतीबिंदू लोकांना माहीत होता, हे माहीत नव्हतं.

मी गॅसचा टॉर्च आणला तेव्हा बाबा म्हणाले, "ह्येची आग एकाच जाग्यार चावता." मी म्हटलं, फिरवत राहायचं ना मग, हातात फिरवायलाच तर आहे. तोंडाला तोंड देण्यात मी कधी मागे नव्हते. शेवटी त्यांनी मान हलवली. तसं काही वाकडं झालंही नाही, निदान सुरुवातीला.

ते घडलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मासळी चांगली लागत होती आणि एक बोटवाला सकाळीच चाक घेऊन दारात उभा. नवं कडं त्यानं कोल्हापूरहून मागवलेलं. दुपारच्या भरतीला त्याला बोट काढायची होती. बाबा म्हणाले, करवंट्या पेटवू. मी म्हटलं, कशाला, टॉर्चनं पंधरा मिनिटांत होईल. बोटवाला माझ्या बाजूनं बोलला आणि चहा प्यायला गेला. बाबा पलीकडे पाठमोरे बसून चाकाची जागा कापडानं पुसत होते. मी कडं विटांवर ठेवलं आणि टॉर्च फिरवायला लागले.

तेवढ्यात दारात मासेवाली आली. तिलाही नियम माहीत होता. ती काही बोलली नाही. टोपलीवरची फळी बाजूला करून तिनं एक बांगडा नुसता वर धरून दाखवला. डोळे लख्ख, कल्ले लाल. तसा बांगडा आठ दिवसांत आला नव्हता. मी टॉर्च दोन विटांच्या मध्ये कड्याच्या दिशेनं टेकवून ठेवला आणि चप्पल घालून बाहेर गेले. एक मिनिटात येते, असं मनाशी म्हणत.

एका मिनिटात बांगडे घेणारी बाई मालवणात अजून जन्माला यायची आहे. मी कल्ले उघडून बघितले, मऊ लागलेले परत टाकले, दोन जास्त मागितले. बाबांनी माझ्या चपलांचा आवाज ऐकला असणार. मी गेलेय हे त्यांना कळलं असणार. पण कडं आगीवर होतं, म्हणून ते बोलले नाहीत. त्यांचा नियम त्यांनी पाळला.

मी परत आले तेव्हा कड्याच्या एका बाजूला वीतभर निळा पट्टा उमटला होता. मोराच्या गळ्यासारखा निळा. असा रंग मी त्याआधी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

बोलायला हवं होतं. "बाबा, कडं गेलं." तीन शब्द. पण दुसरं कडं कोल्हापूरहून यायला दोन दिवस, बोटवाला भरतीसाठी खोळंबलेला, आणि टॉर्चचा हट्ट माझा. वर हातात बांगड्यांची पिशवी. मी टॉर्च बाजूला केला, पॉलिश पेपर घेतला आणि चिमट्यानं कडं दाबून धरून तो निळा पट्टा घासून काढला. लोखंड पुन्हा पांढरं स्वच्छ झालं. मग टॉर्च सगळीकडून हलका फिरवला. घासलेल्या जागेवर नवा रंग आला, फिकट पिवळा.

"रंग कसो आसा गो?"

"हळदीसारखो, बाबा."

मी खोटं बोलले नाही, त्या क्षणी रंग हळदीचाच होता. हा बचाव मी स्वतःपुढे किती वेळा केला असेल, देव जाणे. बाबा आले, कड्याच्या वर हात धरून धग पाहिली, आणि म्हणाले, "वायच कमी वाटता." टॉर्च माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः अर्धा मिनिट कड्याभोवती फिरवला. मग सांडशीनं कडं उचललं आणि चाकावर असं सरळ सोडलं, की बघणाऱ्याला वाटावं ते तिथेच घडवलंय. दुपारच्या भरतीला बोट गेली. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आज बांगड्याचा तिखला बरा झाला गो." मी माझ्या ताटातला बांगडा त्यांच्या ताटात वाढला.

महिना गेला नसेल. त्या बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं. इंजिन बंद करून त्यांनी जाळं सोडवलं आणि पुन्हा चालू करायला गेले, तर स्टार्टर नुसताच गरगर फिरला. इंजिन थांबताना बहुतेक ठरलेल्या जागीच थांबतं. त्या जागेचे दात सपाट झाले होते. वारा सुटला होता आणि बोट खडपाच्या खडकांकडे सरकत होती. दुसऱ्या बोटीनं दोर टाकून ओढून आणली म्हणून सगळे सुखरूप आले. कडं काढून घेऊन बोटवाला थेट आमच्याकडे आला. कट्ट्यावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर त्यानं ते कडं बाबांच्या पायाशी टाकलं.

"तुमका दिसना नाय तर काम कित्याक घेतलात? सात माणसा व्हती बोटीर!"

बाबांनी कडं उचललं. अंगठा एकेका दातावरून फिरवला. मग कानस मागितली आणि एका दातावर ओढली. कानस लोखंडाला लागली. चांगल्या दातावर ती घसरते.

"मऊ पडलो," ते हळूच म्हणाले. "ताप जास्त झालो."

मी दोन हात अंतरावर उभी होते. सगळे बाबांकडे बघत होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"माजीच चूक," बाबा म्हणाले. "चेडवान हळद सांगितल्यान व्हती. माकाच धग कमी वाटली. मीच वर अर्धो मिनिट आग दिलंय. माका अंदाज इलो नाय."

त्यांनी मला पाठीशी घातलं असतं, तर मला निदान रडता आलं असतं. पण त्यांना ते खरंच वाटत होतं. आपण दिलेल्या त्या अर्ध्या मिनिटानं कडं मेलं, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो माझ्या सांगण्यावर बसवलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा वर्कशॉपमध्ये आले नाहीत. मला वाटलं, आठ दिवस रुसतील. उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, लख्ख दिसायला लागलं. समोरच्या माडावरचे नारळ ते पडवीतून मोजायचे. मी म्हटलं, चला ना आता. म्हणाले, "डोळे इले गो, पण अंदाज गेलो." नुसतं कामाचं असतं तरी समजलं असतं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, तसे ते पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं की तीनदा विचारायचे, "तापला काय बघ गो." चाळीस वर्षं ज्यानं हात नुसता वर धरून लोखंडाची धग ओळखली, तो माणूस न्हाणीघरात बालदीपुढे उभा राहून मला हाका मारायचा. मी जायचे, पाण्यात बोट घालायचे आणि सांगायचे, तापलं. दर वेळी सांगावंसं वाटायचं आणि दर वेळी मी पाण्याचंच सांगायचे.

वर्कशॉप मी चालवत होते. बर्फ आणत होते, करवंट्या पेटवत होते. टॉर्च मी पुन्हा हातात घेतला नाही. काम चांगलं होत होतं, आणि त्याचीही मला लाज वाटायची. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यापरास सून बरी.

या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हत्यारं पूजेसाठी धुऊन पुसून ठेवत होते. बाबा पडवीतून आले आणि स्वतःची सांडशी घेऊन तेलकट फडक्यात गुंडाळायला लागले. मी विचारलं, हे काय? म्हणाले, मसुऱ्याला एक ओळखीचा लोहार आहे, त्याला देतो, हय पडान गंजात. त्या सांडशीच्या मुठी त्यांच्या पंज्याच्या मापानं झिजल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या नीट लागल्या नसत्या.

मी खाली बसले आणि सांगितलं. मासेवाली, निळा पट्टा, पॉलिश पेपर, सगळं. मालवणीत सांगायला लागले आणि मध्येच पुस्तकी मराठीत गेले, सरकारी ऑफिसात उभं राहिल्यासारखी. बाबा फडक्याची गाठ मारता मारता थांबले. मी शिव्यांची वाट बघत होते. त्यांनी हात उगारला असता तरी मी मान पुढे केली असती.

ते म्हणाले, "म्हणजे माजो हात चुकूक नाय?"

"नाय, बाबा."

"अर्ध्या मिनिटान कायच झाला नाय?"

"कायच नाय. कडा आधीच मेल्ला."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते हसत होते. दहा-अकरा महिने आजारी माणसाला डॉक्टरनं सांगावं, तुला काही झालेलंच नाही, तसे. स्वतःचे दोन्ही पंजे पुढे धरून ते बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी काय केलं याच्याशी त्यांना देणंघेणंच नव्हतं, इतके ते खूश होते. मला त्याहून मोठी शिक्षा कुणी देऊ शकलं नसतं.

"तेका सांग," ते म्हणाले. "बोटवाल्याक. तू स्वता सांग."

मी तशीच निघाले. बोटवाला बंदरावर जाळं दुरुस्त करत बसला होता, बरोबर आणखी चौघे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, त्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाबांना कमीपणा आला तो लोकांसमोर, तर खरंही लोकांसमोरच यायला हवं, असं माझ्या मनात होतं.

बोटवाल्यानं सुई जाळ्यात खोचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"गो बाय," तो म्हणाला, "सासऱ्याची चूक तू आपल्या अंगार घेतंस? अशी सून मिळाक नशीब लागता."

मी म्हटलं, अंगावर घेत नाही, खरं सांगतेय. पॉलिश पेपरचं पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकी शपथ घेतली तितके ते चौघे माना डोलवत गेले. एकजण म्हणाला, म्हाताऱ्याचं शेवटचं बरं जावं म्हणून पोर धडपडतेय. बोटवाला म्हणाला, "मी तेव्हा रागान बोललंय. म्हाताऱ्याचा वय झाला, होता तसा. तेंका सांग, माज्या मनात काय नाय." आणि टोपलीतले चार पापलेट बळंच माझ्या पिशवीत घातले.

मी चिडले, ओरडले, पापलेट परत टोपलीत टाकले. त्यांनी तेही कौतुकानं बघितलं. ज्या दिवशी तोंड उघडायचं त्या दिवशी मी उघडलं नाही. आता ते उघडून उपयोग नव्हता.

घरी आले तर बाबा दारातच उभे होते. अंगात धुतलेला शर्ट.

"सांगितलंस?"

"सांगितलंय."

"काय म्हणालो तो?"

त्या डोळ्यांना आता सगळं दिसत होतं, माझा चेहरासुद्धा. तरी मी म्हटलं, "म्हणालो, हात चुकूक नाय व्हतो. म्हणालो, पुढचा काम तुमच्याकडेच."

बाबांनी नुसतं "हं" म्हटलं आणि आत जाऊन सांडशीवरचं फडकं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा त्यांनी केली, आणि तेव्हापासून ते रोज आठला वर्कशॉपमध्ये येतात. मी बसवायला दिलेलं करतात, हात पूर्वीसारखाच आहे, तसूभर फरक नाही. पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे असतं. बोटवाला समोरून मोटरसायकलवरून जातो. बाबांना हात करतो, आदरानं, म्हाताऱ्या माणसाला करतात तसा. त्याची कामं आता कुडाळला जातात.

"येयत," बाबा म्हणतात. "तेची बोट आजून बरी चलता आसतली."

मी व्हय म्हणते.